आभासी पिनबॉल टेबलवरचे दिवे कसे जुळवायचे

विंडोज एक्सपी असलेला कॉम्प्युटर ज्यांनी वापरला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पिनबॉल पहिल्यांदा पाहिला तो ‘स्पेस कॅडेट’मध्ये. त्यातले दिवे आठवून पाहा. दिवा विझलेला असताना एक चित्र आणि पेटला की त्याच जागी दुसरं चित्र, एवढाच तो खेळ होता. पेटलेल्या दिव्याचा उजेड शेजारच्या रॅम्पवर, म्हणजे बॉल चढतो त्या उतरणीवर, पडत नसे, बॉल जवळून गेला तरी त्याच्या पोलादावर ती चमक उमटत नसे. सगळा उजेड आधीच रंगवून ठेवलेला असायचा.

आज ‘व्हिज्युअल पिनबॉल’मध्ये टेबल तयार करणाऱ्याला हे सगळं खरोखर करून दाखवायचं असतं. रँडी डेव्हिस यांनी २००० साली हा प्रोग्रॅम लोकांसमोर आणला. पुढे त्याचा कोड खुला झाला आणि आता तो स्वयंसेवक सांभाळतात. दहाव्या आवृत्तीपासून पुढच्या मालिकेला सगळे ‘व्हीपीएक्स’ म्हणतात. जुन्या यंत्राची नक्कल करायची असेल तर त्या यंत्राच्या रॉममधला, म्हणजे त्याच्या चिपमधला, मूळ प्रोग्रॅम ‘व्हीपिनमेम’ नावाचा जोडीचा प्रोग्रॅम चालवतो, आणि कोणता दिवा कधी पेटवायचा, कधी विझवायचा हे तोच सांगतो. पेटलेला दिवा दिसेल कसा, हे मात्र रॉमला ठाऊक नसतं. उजेड कुठवर पोचेल, कुठल्या रंगाचा असेल, बॉलवर कसा पडेल हे सारं टेबल घडवणाऱ्याच्या हातात असतं. टेबल जिवंत वाटतं की प्लॅस्टिकचं, हे माझ्या मते सर्वांत जास्त इथेच ठरतं.

आधी खऱ्या यंत्रात काय असतं ते पाहू. पिनबॉलच्या टेबलावर दिव्यांची तीन घराणी असतात. पहिलं सर्वसाधारण उजेडाचं, ज्याला सगळे ‘जीआय’ म्हणतात. हे बल्ब प्लॅस्टिकच्या पट्ट्यांखाली, स्लिंगशॉटच्या (बॉलला झटक्याने उडवणाऱ्या त्रिकोणी भागांच्या) आत, रबराच्या मागे दडलेले असतात आणि एकूण मैदान उजळवतात. दुसरं घराणं इन्सर्टचं. प्लेफिल्डच्या, म्हणजे बॉल जिच्यावर फिरतो त्या फळीच्या, लाकडात भोक पाडून त्यात रंगीत पारदर्शक तुकडा बसवलेला असतो आणि बल्ब खालून पेटतो. बाण, वर्तुळ, ‘एक्स्ट्रा बॉल’ अशी अक्षरं ही सगळी इन्सर्ट. तिसरे फ्लॅशर, म्हणजे क्षणभर भपकन पेटून विझणारे जोरकस बल्ब. जीआय आणि इन्सर्टमध्ये वर्षानुवर्षं ६.३ व्होल्टचे छोटे बल्ब वापरले गेले: ४४ क्रमांकाचा २५० मिलिअँपिअर घेणारा, ४७ क्रमांकाचा १५० मिलिअँपिअर घेणारा. ४४ अधिक उजळ, ४७ जरा मंद पण कमी तापणारा.

या तिघांची कामं वेगळी आहेत हे विसरलं की टेबल बिघडतं. जीआय बॉल दाखवतो, इन्सर्ट ‘आता इथे मार’ असं सांगतो, फ्लॅशर ‘काहीतरी घडलं’ अशी दवंडी पिटतो. जीआय एवढा प्रखर केला की त्यात पेटलेला बाण ओळखूच येत नाही, तर खेळाडूला पुढचा फटका कुठे मारायचा ते कळणार नाही. चित्र कितीही देखणं असो, ते टेबल खेळायला वाईटच.

बेरीज कुठे, गुणाकार कुठे

उजेडाचं सगळं गणित दोन वाक्यांत मावतं. दोन दिव्यांचे उजेड एकमेकांत मिळवले जातात. उजेड आणि पृष्ठभाग यांचा मात्र गुणाकार होतो.

गुणाकार आधी घेऊ. एखादा लाल रंग आपल्यावर पडलेल्या लाल उजेडातला ८० टक्के, हिरव्यातला २० टक्के आणि निळ्यातला १० टक्के परत पाठवतो असं समजा. त्यावर पिवळट बल्बचा उजेड पडला, ज्यात लाल १, हिरवा ०.७ आणि निळा ०.४ आहे. डोळ्यापर्यंत येईल लाल ०.८, हिरवा ०.१४, निळा ०.०४. लाल रंग आणखी लाल दिसतो. आता तोच बल्ब निळ्या रंगावर पाडा, जो लाल १० टक्के, हिरवा २० टक्के आणि निळा ८० टक्के परतवतो. हाती येतात ०.१, ०.१४ आणि ०.३२. निळा मरगळलेला, अंधारलेला. जुन्या यंत्रांत लाल-पिवळे भाग झगमगतात आणि निळे भाग मागे मागे राहतात त्याचं कारण हे. साध्या बल्बवर चालणाऱ्या यंत्राचं टेबल करत असाल तर निळ्याला मुद्दाम उजळ करायचा मोह आवरा. निळा मागे राहणं हा त्या यंत्राचा स्वभाव आहे.

व्हीपीएक्समधल्या दिव्याला ‘मॉड्युलेट’ नावाची एक किल्ली असते, ती याच फरकाशी जोडलेली आहे. एका टोकाला नेली तर दिव्याचा उजेड खालच्या चित्रावर नुसता मिळवला जातो. दुसऱ्या टोकाला नेली तर खालच्या चित्राने गुणला जातो. नुसतं मिळवत गेलात की चित्रावर रंगीत धुकं बसल्यासारखं दिसतं आणि काळ्या रेषाही राखाडी होतात. प्लेफिल्डवर पडणाऱ्या उजेडासाठी गुणाकाराकडे झुकावं. बल्बची स्वतःची काच किंवा हवेतलं तेज दाखवायचं असेल तिथे बेरीज.

यातून एक गोष्ट ओघानेच येते, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. ज्या चित्राला उजेडाने गुणायचं आहे त्या चित्रात आधीपासूनच उजेड असता कामा नये. प्लेफिल्डचा फोटो फ्लॅश मारून काढला असेल, तर मधोमध पांढरट डाग आणि रबरांखाली सावल्या त्यात उतरलेल्या असतात. तो फोटो टेबलाला चिकटवून वर दिवे लावले की एकाच जागी दोनदा उजेड आणि दोनदा सावली पडते. डोळ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून चांगली माणसं प्लेफिल्ड सुटं करून स्कॅन करतात आणि तुकडे जोडून सपाट, सावलीरहित चित्र बनवतात. चित्रच चुकीचं असेल तर दिव्यांची कोणतीही जुळवाजुळव त्याला वाचवू शकत नाही.

आता बेरीज. इथे पडद्याचा एक गुण मध्ये येतो. चित्रात एखाद्या ठिपक्याची किंमत २५५ पैकी १२८ असली, तर पडदा तिथे निम्मा उजेड देत नाही. सुमारे २२ टक्केच देतो, कारण मधल्या किमती एका वक्राने बदलतात. दोन दिवे प्रत्येकी १२८ इतके दिसत असतील आणि त्यांचे आकडे सरळ मिळवले तर २५६ येतात, म्हणजे थेट पांढरं फक्क. खऱ्या उजेडाची बेरीज करून पुन्हा पडद्याच्या आकड्यात आणली तर येतात साधारण १७५. एवढा फरक. व्हीपीएक्स ही बेरीज खऱ्या उजेडातच करतं, त्यामुळे ती चिंता तुम्हाला नाही. मात्र इमेज एडिटरमध्ये चित्रांचे थर एकमेकांवर ‘अ‍ॅड’ करून पाहिलेला परिणाम आणि टेबलावरचा परिणाम जुळत नाही तेव्हा कारण इथे शोधा.

बेरीज होत होत उजेड पडद्याच्या कुवतीपलीकडे जातोच. जीआयचे दहा बल्ब, त्यात दोन इन्सर्ट, त्यात एक फ्लॅशर. पडद्याला एकच्या पुढे मोजता येत नाही. जास्तीचा उजेड कापून टाकला तर फ्लॅशरभोवतीचं सगळं सपाट पांढरं होतं, त्यातलं चित्र हरवतं. त्यापेक्षा तो दाबून बसवतात, याला टोन मॅपिंग म्हणतात. सर्वांत साधं सूत्र असं: उजेड भागिले एक अधिक उजेड. म्हणजे १ चा ०.५ होतो, ४ चा ०.८, ९ चा ०.९. प्रखर भागही थोडे थोडे वेगळे राहतात. व्हीपीएक्सच्या १०.८ या आवृत्तीत यासाठी एकाहून अधिक पर्याय आहेत आणि प्रत्येकाने रंगांची छटा बदलते. तो पर्याय सुरुवातीलाच ठरवा. शंभर दिवे जुळवून झाल्यावर तो बदलला तर शंभरही दिवे पुन्हा जुळवावे लागतील.

अंधारापासून सुरुवात

कामाचा क्रम माझ्या मते एकच योग्य आहे: आधी सगळं विझवा. व्हीपीएक्समध्ये टेबलाच्या लांबीवर दोन ठिकाणी टांगलेले दोन दिवे आधीपासून असतात, शिवाय ‘एन्व्हायर्नमेंट’ नावाचं भोवतालच्या खोलीचं चित्र असतं, ज्यातूनही उजेड येतो. नवीन टेबल उघडलं की हे दोन्ही जोरात चालू असतात आणि सगळं कसं छान दिसतंय असं वाटतं. मग त्यावर जीआय लावला जातो, तो दिसत नाही म्हणून वाढवला जातो, मग इन्सर्ट दिसत नाहीत म्हणून तेही वाढवले जातात, आणि शेवटी टेबल ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखं होतं.

उलट करा. वरचे दिवे आणि भोवताल इतके खाली आणा की यंत्र बंद असताना अंधाऱ्या खोलीत जेवढं दिसेल तेवढंच दिसावं: प्लॅस्टिकच्या कडा, रॅम्पची धूसर रेघ, विझलेल्या इन्सर्टचा फिका रंग. विझलेलं टेबलही बघवत असलं पाहिजे. मग जीआयची एक माळ पेटवा आणि तेवढीच जुळवा. विझवा, दुसरी पेटवा. उजेडांची बेरीजच होत असल्यामुळे प्रत्येक माळ एकटी बरोबर असेल तर एकत्रही बरोबर असते. एकत्र पेटवून जुळवायला गेलात तर कोणाचा उजेड कुठला हे कळत नाही.

विल्यम्स आणि बॅली यांच्या नव्वदच्या दशकातल्या, ‘डब्ल्यूपीसी’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर चालणाऱ्या यंत्रांत जीआयच्या पाच माळा होत्या आणि त्यांतल्या सगळ्या किंवा काही मंद करता येत. मल्टिबॉल, म्हणजे एकाच वेळी अनेक बॉलचा खेळ, सुरू होण्याआधी मैदान हळूहळू काळोखात जातं आणि मग एकदम उजळतं, तो थरार या सोयीतून आला. म्हणून टेबल बनवताना जीआयचे सगळे बल्ब एका गठ्ठ्यात बांधू नका. मूळ यंत्राच्या पुस्तिकेत कोणता बल्ब कोणत्या माळेवर आहे हे दिलेलं असतं, तसेच गट पाडा.

प्रत्येक दिव्याला जागा, पोच आणि उतार असतो. पोच म्हणजे उजेड किती दूर जाईल, तिला ‘फॉलऑफ’ म्हणतात. उतार म्हणजे किती झपाट्याने कमी होईल, ती ‘फॉलऑफ पॉवर’. वास्तवात अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. बल्बजवळ घट्ट, तापलेला गाभा आणि पुढे पटकन विरणारा उजेड, हीच पिनबॉलची खूण. पोच भरमसाट आणि उतार सौम्य ठेवला तर पाचपन्नास बल्बांचा एकच सपाट प्रकाश होतो आणि मैदानाची खोली जाते. दोन बल्बांच्या मध्ये थोडा अंधार असू द्या. खऱ्या टेबलावर तो असतोच.

इन्सर्ट

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. इन्सर्टचं काम आकाशकंदिलासारखं आहे: कागद दिवसाही रंगीत दिसतो, पण आत दिवा लागला की तोच कागद स्वतः उजेड देऊ लागतो, आणि मधला भाग कडांपेक्षा तेजस्वी असतो. इन्सर्टच्याही या दोन अवस्था वेगवेगळ्या घडवायच्या असतात. विझलेला असताना त्यावर वरून जीआयचा उजेड पडतो, म्हणून रंग ओळखू आलाच पाहिजे, पण पेटल्याचा भास होता कामा नये. पेटल्यावर उजेड खालून येतो, प्लॅस्टिकच्या तळाशी कोरलेल्या किरणांसारख्या रेघांतून फुटतो आणि बल्बच्या बरोबर वर एक प्रखर ठिपका दिसतो. नुसता एकसारखा रंग भरला तर तो स्टिकर वाटतो.

खालून किती उजेड झिरपू द्यायचा हे व्हीपीएक्समधली ‘ट्रान्समिट’ ही किल्ली ठरवते. इन्सर्टवर छापलेली अक्षरं वेगळ्या थरात ठेवा आणि त्यातून उजेड जाऊ देऊ नका. पेटलेल्या इन्सर्टवरची काळी अक्षरं काळीच राहिली तर ती वाचता येतात. लाकूड जाड असतं, त्यामुळे एका इन्सर्टचा उजेड शेजारच्या भोकात फारसा शिरत नाही. मात्र वर हवेत एक हलकं तेज पसरतं. ते ‘ब्लूम’ने दाखवता येतं, आणि नेमकं तेच सर्वांत जास्त बिघडवलं जातं. प्रत्येक बाणाभोवती ढग तरंगत असेल तर ब्लूम निम्म्यावर आणा, मग पुन्हा निम्म्यावर.

आता वेळ. तारेचा बल्ब बटण दाबल्याबरोबर पूर्ण पेटत नाही आणि लगेच विझतही नाही. तार तापायला आणि निवायला डोळ्याला जाणवेल इतका वेळ लागतो, आणि निवताना ती आधी नारिंगी, मग तांबूस होत जाते. एकामागून एक पेटणाऱ्या बाणांची रांग जुन्या यंत्रात वाहत गेल्यासारखी दिसते ती यामुळेच. पहिला विझत असताना दुसरा पेटलेला असतो. व्हीपीएक्समध्ये पेटण्याचा आणि विझण्याचा वेग वेगवेगळा देता येतो, आणि १०.८ मध्ये तारेच्या बल्बसारखा उतार-चढाव थेट निवडता येतो. एलईडीच्या यंत्रांना हे मुळीच लावू नका. तिथे चटकन पेटणं-विझणं हेच खरं.

याच्या मागे एक सुंदर हिशेब आहे. डब्ल्यूपीसी यंत्रात इन्सर्टचे बल्ब आठ स्तंभ आणि आठ ओळींत जोडलेले असतात, म्हणजे ६४ बल्ब. एका वेळी एकाच स्तंभाला वीज मिळते, म्हणून प्रत्येक बल्ब फक्त आठवा हिस्सा वेळ चालू असतो. मग ६.३ व्होल्टचा बल्ब पुरेसा तापावा कसा? त्याला १८ व्होल्ट देतात. आठव्या हिश्श्याचा परिणाम काढायला १८ ला आठच्या वर्गमुळाने भागा, उत्तर सुमारे ६.३६ व्होल्ट. तारेला निवायला वेळ लागतो म्हणून डोळ्याला तो अखंड पेटलेला दिसतो. आता आभासी टेबलाने रॉमकडून नुसतं ‘चालू’ आणि ‘बंद’ घेतलं तर मंद केलेला दिवा लुकलुकणार हे उघड आहे. व्हीपिनमेमच्या नव्या पद्धतीत बल्बच्या तापण्याचा हिशेब आतच होतो आणि टेबलाला थेट तेजस्वितेचं प्रमाण मिळतं. टेबलाच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याच्या सोबतच्या कोडमध्ये, ‘यूजव्हीपीएममॉडसोल’ची किंमत २ ठेवली की ही सोय सुरू होते. जुन्या टेबलांत दिवे विझवण्या-पेटवण्यासाठी हाताने लिहिलेले टायमर असतात. ते तसेच ठेवून ही सोय चालू केली तर मंद होणं दोनदा घडतं, म्हणून ते काढून टाका.

व्होल्टचं महत्त्वही ध्यानात असू द्या. तारेच्या बल्बचा उजेड साधारण व्होल्टच्या साडेतीनाव्या घाताने बदलतो. व्होल्ट दहा टक्के घटले तर उजेड जवळजवळ ३१ टक्के घटतो. प्रत्यक्ष यंत्रांत जुन्या जोडण्यांमुळे एकाच माळेवरचे बल्ब कमी-जास्त पेटलेले दिसतात. सगळे बल्ब काटेकोर सारखे ठेवण्यापेक्षा त्यांत अगदी किंचित फरक ठेवला तर टेबल खरं वाटतं.

बॉल

२७ मिलिमीटर व्यासाचा हा पोलादी बॉल म्हणजे गोल आरसा. त्याला स्वतःचा रंग नाही, भोवती जे आहे तेच तो दाखवतो. त्यामुळे बॉल दिसत नाही अशी अडचण आली की बॉलवर उजेड मारून उपयोग नाही, त्याच्या भोवतालचं चित्र बदलायला हवं. त्या चित्रात काळोख आणि काही ठळक उजळ पट्टे असतील तर बॉलवर धारदार चमक येते आणि तो वेगाने सरकतानाही डोळ्याला सापडतो. सगळीकडे सारखा करडा रंग असेल तर बॉल प्लेफिल्डमध्ये विरघळतो. फ्लिपरच्या, म्हणजे बॉल फटकावणाऱ्या दांड्यांच्या, आसपास, जिथे निर्णय घ्यायला क्षणाचाही अवधी नसतो, तिथे जीआयचे बल्ब बॉलमध्ये ठिपक्यांसारखे उमटले पाहिजेत. बॉलखालची सावलीही तितकीच महत्त्वाची. सावली नसेल तर बॉल हवेत तरंगतो, आणि रॅम्पवर आहे की खाली हे कळत नाही.

अलीकडे अनेक जण ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उजेड आधीच मोजून घेतात. टेबलाची पूर्ण रचना तिकडे नेली की त्यातलं सायकल्स हे इंजिन प्रत्येक किरण कुठे आदळला, प्लॅस्टिकमधून कसा गेला, भिंतीवरून कुठे परतला याचा हिशेब करतं, आणि प्रत्येक दिव्याचा वेगळा प्रकाशनकाशा तयार होतो. खेळताना प्रत्येक नकाशा त्या त्या दिव्याच्या त्या क्षणीच्या तेजाने गुणायचा आणि सगळे मिळवायचे, बस. पुन्हा तीच बेरीज. परिणाम थक्क करणारा असतो. लाल प्लॅस्टिकखालचा बल्ब पेटला की शेजारच्या पांढऱ्या रबरावर गुलाबी झाक येते. पण प्रत्येक नकाशा ग्राफिक्स कार्डची मेमरी खातो. म्हणून जे बल्ब नेहमी एकत्रच उजळतात आणि मंदावतात त्यांचा नकाशा एकच करायचा. जीआयचे गट मूळ माळांप्रमाणे पाडले असतील तर इथे ते आयतेच उपयोगी पडतात. आणि हिशेब स्थिर वस्तूंचाच होतो. बॉल फिरत असतो, म्हणून त्याच्यासाठी साधे, त्या क्षणी मोजले जाणारे दिवे टेबलावर ठेवावेच लागतात.

शेवटची तपासणी तुमच्या स्वतःच्या पडद्याबाहेर करा. कोणी लॅपटॉपवर खिडकीशेजारी बसून खेळतं, कोणी घरी बनवलेल्या कॅबिनेटमध्ये आडव्या टाकलेल्या मोठ्या टीव्हीवर, खोली अंधारी करून. एकाला जे फिकं वाटेल ते दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपेल. व्हीपीएक्समध्ये खेळाडूला दिवस-रात्रीची सरकपट्टी मिळते, जी वरचे दिवे आणि भोवताल कमी-जास्त करते. ती तळाशी नेऊन एक डाव खेळा, मग वरच्या टोकाला नेऊन एक. दोन्हींत बॉल दिसला आणि पेटलेला बाण विझलेल्यापासून ओळखू आला तर काम झालं. स्क्रिप्टमधून ती पट्टी एका जागी कुलूपबंद करू नका. तुमची खोली आणि खेळणाऱ्याची खोली एक नाही.